मुका जीव

पूर्वी शोणावती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी राजवैद्य होता. हत्तींचे दुखणेखुपणेही तोच पाही. त्याचे नाव भद्रक.

त्या वर्षी राजाने शेजारचे राज्य जिंकले. बारा हत्ती आले, दोनशे बंदीही आले. हत्तीखान्याच्या भिंतीपलीकडे उघड्यावर या बंद्यांना कोंडले होते. जखमांत किडे पडले तरी तिकडे कोणी फिरकत नसे, कारण आज्ञाच तशी होती : "युद्धात हाती लागलेल्या मुक्या जिवांवरच राजवैद्याने उपचार करावेत." हत्तीला मध-तुपाचा लेप आणि माणसाला माश्या, असा तो न्याय. भद्रकाला अन्न गोड लागेना.

एके सकाळी लेपाची परात घेऊन तो कोंडवाड्यात शिरू लागला. पहारेकऱ्याने अडवले.

"बाबा रे, मी आज्ञा मोडत नाही," भद्रक म्हणाला. "जो बोलेल त्याला हात लावणार नाही. पण ज्याला कण्हायचेही त्राण नाही, तो मुका जीव नव्हे तर काय?"

पहारेकरी डोके खाजवीत बाजूला झाला.

दुसऱ्या दिवसापासून आत कोणी ब्र काढेना. जखम धुताना माणसे ओठ चावीत, पण 'आई गं' म्हणत नसत. त्यांत कंदक नावाचा माहूत होता. त्याची मांडी सडत चालली होती. रोज लेप मिळाला तरच तो वाचणार होता.

सातव्या दिवशी राजा आला. "दोनशेजण एकदम मुके? वैद्यराज, मला वेड्यात काढता?"

"महाराज, वेदनेने मुके झाले की भीतीने, हे मी विचारले नाही."

"ठीक. यापुढे जो बोलेल त्याचे औषध बंद."

तेवढ्यात भिंतीपलीकडे हत्तीखान्यात कंदकाची हत्तीण चंपा कळवळून ओरडली. कंदकाने ओठ घट्ट मिटले. ती पुन्हा ओरडली, आणि त्याला राहवले नाही.

"उगी, चंपे, उगी. मी आहे इथं."

राजाने खूण केली, आणि कंदकाचे औषध बंद झाले. भद्रकाने आपली मुद्रा आणि औषधशाळेची किल्ली राजाच्या पायाशी ठेवली. "आज्ञा राजवैद्याला आहे. तो मी आता नाही." बाकीच्यांना लेप लावणे त्याच्या मदतनिसाकडे गेले, आणि तो कंदकाजवळ जाऊन बसला. हाती नुसते पाणी उरले होते. त्याने पाण्यानेच जखम धुतली, पण पाण्याने कुठे विष उतरते? चौथ्या दिवशी कंदक गेला.

चंपेने चारा सोडला. राजा स्वतः ऊस घेऊन गेला, तर तिने तोंड फिरवले. तिथे उभा असताना त्याने भिंतीपलीकडे कान दिला. बंद्यांचा सोबती मेला होता, आणि औषध तुटेल म्हणून त्यांतला एकही रडत नव्हता. राजाच्या हातातला ऊस खाली पडला.

"त्यांना रडू द्या," तो म्हणाला. त्याच दिवशी आज्ञेतला 'मुक्या' हा शब्द खोडला गेला आणि भद्रकाला किल्ली परत मिळाली. कंदक मात्र परत आला नाही.

विहारातल्या भिक्खूंना ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, कण्हून झोपमोड करतो म्हणून ज्या आजारी भिक्खूला तुम्ही विहाराबाहेर निजवलेत, तोच त्या जन्मीचा कंदक. सुषेण राजा म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि वैद्य मी होतो. दुखणाऱ्याला गप्प न करता त्याच्याजवळ बसणे, हीच करुणा."

मग त्यांनी पाणी मागवले आणि ते त्या भिक्खूचे अंग धुवायला बसले.