येतो म्हणणारा धाकू

पाय पांघरुणात घ्या बघू. घेतले? ऐका तर.

एकदा काय झालं, हर्णै बंदराचा एक लाजाळू खलाशी, धाकू त्याचं नाव, गलबतातून पार तुर्कस्तानात पोचला. इकडे घरी बहिणीचं, येसूचं लग्न ठरलेलं. नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊच लागतो, बरं का! आणि गलबत तर त्याच दुपारी परत फिरणार होतं.

येसूला काहीतरी न्यावं म्हणून धाकू गालिच्यांच्या दुकानात शिरला. दुकानदार म्हातारा हिकमतचाचा. त्यानं काचेच्या इवल्या पेल्यात लालभडक चहा दिला. मग गालिचे उलगडले. एक डाळिंबी, एक निळा. तिसरा मोरपंखी. चाचा त्याच्या काठावर बसून म्हणाला, "याच्यासमोर जपून बोल हो. बोललेलं खरं करतो हा."

इतक्यात बंदरावर गलबत सुटायचं शिंग वाजलं. धाकू दचकून उठला. दारात वळून म्हणाला, "येतो हं, चाचा!"

सर्रकन गालिच्याची कड लांब झाली. तिनं धाकूला उचललं आणि आत आणून बसवलं!

मग दुसरं शिंग वाजलं. "येतो, चाचा!" पुन्हा आत. मग तिसरं वाजलं. धाकू रडवेला झाला. "खरंच येतो हो!" पुन्हा आत!

"अरे, येतो येतो म्हणतोस, म्हणून तो आणतोय तुला," चाचा म्हणाला. "जातो म्हण की!"

"नको! जातो म्हणणारा परत येत नाही. आई सांगते."

खिडकीतून गलबताचं शीड दिसत होतं. लहान झालं, आणखी लहान झालं, मग दिसेनासं झालं. आता मांडवात येसू दाराकडे बघत बसेल! धाकूनं डोळे घट्ट मिटले.

"घरी... जातो," तो कसाबसा म्हणाला.

गालिचा उडाला! काठावरचा चाचासुद्धा पेल्यासकट वर!

उतरले ते थेट लग्नाच्या दिवशी, मांडवात. धाकूनं कान असा पिळला, की नवरदेव "आई गं" म्हणाला.

आईनं विचारलं, "निघताना काय म्हणालास रे?"

धाकूनं मान खाली घातली. "घरी जातो म्हणालो."

"घरी जाताना चालतं हो, बाळा," आई म्हणाली.

चाचा आठ दिवस लाडू खाऊन निघाला. गालिच्यावर बसून त्यानं हात जोडले, म्हणाला, "येतो!" गालिचा हलेचना. मग चाचानं आणखी एक लाडू खाल्ला आणि म्हणाला, "घरी जातो, आणि परत येतो." तसंच झालं. सगळे सुखात राहिले.

आणि तुम्ही कुठं निघालात? झोपेच्या गावाला? मग "येतो" म्हणा पाहू. सकाळी परत यायचंय ना!