दिवाणांच्या नातवाची गुटी

संस्थानच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना औषध फुकट मिळे. नव्या दिवाणांनी ते बंद केलं आणि म्हाताऱ्या मथाक्काला मिळणारं सांधेदुखीचं तेलही थांबलं.

पुढे दिवाणांचा तान्हा नातू पोटदुखीनं रडरड रडू लागला. मुळ्या उगाळून बाळगुटी द्यायला मथाक्कालाच बोलावणं गेलं.

सहाणेपुढे बसून तिनं आखडलेली बोटं दाखवली. "दिवाणसाहेब, तेलाविना मूठ वळत नाही."

"हिला एक बाटली द्या."

"माझं भागलं. पण घरोघरी गुटी म्हाताऱ्याच उगाळतात. त्यांचे हात आखडले तर गावची सगळी बाळं रात्रभर रडतील. मग तुमचं एकटं कसं निजेल?"

दिवाणांनी तिथल्या तिथे हुकूम फिरवला.

मथाक्कानं हात जोडले. दिवाणांनी ऐटीत मान डोलावली. ती मात्र पाळण्याकडे बघत होती.

"उपकार झाले रे सोन्या, अगदी वेळेवर रडलास."