शर्मिष्ठेची स्लाइड

सह्याद्रीच्या एका खांद्यावर भैरवटेंभ नावाचं गाव आहे. गावाच्या पूर्वेला खोल दरी. त्या गावात शर्मिष्ठा गुरव नावाची एक तरुणी राहायची. तिच्या हातात डिजिटल कॅमेरा आला आणि तिला त्या दरीचं वेडच लागलं.

ती काठावर जायची आणि बटण दाबत सुटायची. शेकड्यांतला एखादा फोटो बरा निघायचाच. नाही निघाला तर घरी कॉम्प्युटर होता. आकाश फिकं असलं तर ती गडद करी, दरी काळी पडली तर उजळून घेई. एकदा तर तिनं भलत्याच गावचा मावळता सूर्य उचलून आपल्या दरीवर ठेवला. तो फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरला. गाव खूश, शर्मिष्ठा त्याहून खूश.

तो फोटो पाहून एक गृहस्थ बायकोला घेऊन लांबून आले. दोघं संध्याकाळभर दरीकाठी बसून राहिले. अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांनी शर्मिष्ठेलाच विचारलं, “अहो, तो सूर्य दिसतो तरी कुठून?”

सूर्य केव्हाच त्यांच्या पाठीमागे मावळला होता. शर्मिष्ठेची मान खाली गेली. “तो मी कॉम्प्युटरवर लावलाय,” ती म्हणाली.

गृहस्थ रागावले नाहीत. बायकोला नुसतं म्हणाले, “चल गं.” ते दोन शब्द शर्मिष्ठेच्या जिव्हारी लागले.

दुसऱ्या दिवशी ती लीलाबाई मिराशींकडे गेली. बाईंनी तिला शाळेत भूगोल शिकवला होता. नद्या, पठारं, किनारे यांच्या स्वतः काढलेल्या स्लाइड, म्हणजे फिल्मवरचे पारदर्शक फोटो, त्या प्रोजेक्टरनं वर्गाच्या भिंतीवर दाखवत.

“बाई, ज्यात मागाहून काही लपवता येत नाही, असं मला शिकवा.”

बाईंनी कपाटातून आपला जुना कॅमेरा काढला. “यात स्लाइडची फिल्म घालायची. बटण दाबलंस की झालं ते कायमचं. डागडुजी नाही. रोल संपतो लवकर, आणि उजेड मोजताना जराशी चुकलीस तर ही फिल्म माफ करत नाही. बघ, जमेल का?”

“जमवीन,” शर्मिष्ठा म्हणाली.

पहिला रोल शहरातून धुऊन आला. तिनं एकेक स्लाइड खिडकीशी धरली. कुठे आकाश पांढरंफटक, तर कुठे दरी कोळशासारखी. एकही धड नव्हती. तिचे डोळे भरून आले.

“डिजिटलवर माझ्या अशा चुका होत नव्हत्या, बाई.”

“होत होत्या,” बाई म्हणाल्या. “तू त्या पुसत होतीस.”

त्या दिवसापासून शर्मिष्ठा कॅमेरा न घेताच दरीवर जाऊ लागली. ती नुसती बघत बसे. ऊन आधी कोणत्या कड्यावर उतरतं, धुकं कुठून वर चढतं, सावली कधी निळी दिसते, हे तिला हळूहळू कळू लागलं. मग ती कॅमेऱ्यातल्या काट्यावरून उजेड मोजायला शिकली. आकाशाचा वेगळा, दरीचा वेगळा. दोघांत फार अंतर असलं तर फिल्मला ते पेलत नाही, हेही ती शिकली.

अशात तालुक्याच्या गावी निसर्गचित्रांची स्पर्धा जाहीर झाली. शर्मिष्ठेच्या रोलवर आता एकाच फोटोची जागा उरली होती, आधीच्यांतला एकही स्पर्धेला पाठवण्याजोगा नव्हता, आणि वेळेत धुऊन यायला रोल दुसऱ्या दिवशी पाठवायलाच हवा होता. त्या दिवशी ती पहाटेच दरीवर गेली. गावातला तुषारही आपला डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. पूर्वेला लाल रंग फुटला. तुषारचं बटण थांबेना.

“अगं, दाब की! असं आकाश पुन्हा मिळायचं नाही.”

शर्मिष्ठेनं उजेड मोजला. आकाश पेटलेलं होतं, पण दरीत अजून काळोख होता. आकाश धरलं तर दरी जाणार, दरी धरली तर आकाश. तिचं बोट बटणावर होतं. स्पर्धा डोळ्यांपुढे होती. ती ऊन दरीत उतरायची वाट बघत उभी राहिली. ऊन उतरायच्या आधीच धुकं वर आलं आणि सगळं झाकून गेलं.

ती तशीच बाईंकडे गेली. “नाही दाबलं, बाई. स्पर्धा गेली.”

बाई उठल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “स्पर्धा पुन्हा येईल. पण नको तेव्हा हात आवरता येणं, हे मला शिकवता आलं नसतं. ते तुझं तू शिकलीस.”

त्यानंतर ती कितीदा तरी गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. एका सकाळी मात्र सूर्यावर पातळ ढग आला. मऊ उजेड दरीच्या तळापर्यंत पसरला. शर्मिष्ठेनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि बटण दाबलं.

रोल धुऊन आला तेव्हा बाईंनी शाळेच्या सभागृहात पांढरी चादर टांगली आणि अख्खं गाव बोलावलं. शर्मिष्ठेनं प्रोजेक्टर लावला. चादरीवर दरी उभी राहिली. कड्यांवरचं गवत, तळातला ओढा, वरचं शांत आकाश, सगळं जिथल्या तिथे.

मग शेळ्या राखणारी ठकूबाई उठून चादरीजवळ गेली.

“ही तर आपलीच दरी की गं! यात रंग किती भरलेस, पोरी?”

“काहीच नाही, आजी,” शर्मिष्ठा म्हणाली. तिची मान ताठ होती. “होती तशीच आहे. मी फक्त वाट बघितली.”

तात्पर्य: चूक झाकायची सोय असली की माणूस शिकत नाही; जो थांबायला आणि नीट बघायला शिकतो, त्याच्या कामाला रंगरंगोटी लागत नाही आणि त्याला मान खाली घालावी लागत नाही.