कानातला कापूस

खूप खूप पूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगर कोणाच्याच मालकीचे नव्हते, आणि एका डोंगराच्या कुशीत पाथरवटांचं एक गाव होतं.

त्या गावात एक बाई राहायची. नवरा वारलेला आणि पदरात तान्ही लेक. खडी वाहायला ती खाणीत उतरायची, तेव्हा लेकीला वर झोळीत एकटीच ठेवावं लागायचं. दिवसभर बाईचा जीव टांगणीला. पोर रडत असेल का? झोळीतून पडली तर नसेल? खाणीच्या तळाशी वरचं काही म्हणता काही ऐकू येत नसे.

दगड घडवणारे मात्र वर, लिंबाच्या सावलीत बसत. म्हणून एक दिवस ती त्यांच्या म्हाताऱ्या वस्तादाकडे गेली.

"बाबा, मला दगड घडवायला शिकवा. निदान लेक डोळ्यांसमोर राहील."

वस्ताद कडक होता, पण नाही म्हणाला नाही. "शीक. घाव घालण्याआधी दगडावर हातोडी वाजवायची आणि कान द्यायचा. आत भेग असली, की दगड बद्द वाजतो. एवढं विसरू नकोस."

ती शिकू लागली. पण छिन्नी दगडावर आणि नजर झोळीकडे! लेक कुरकुरली की घाव भलतीकडेच पडायचा. जात्याच्या खालच्या तळीसाठी दिलेला चांगला दगड तिने असाच फोडला.

वस्ताद वैतागला. "आणखी एक देतो. तोही फुटला, तर उद्यापासून पुन्हा खाली खडी वाहायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने उशी उसवली, कापसाचे बोळे केले आणि कानांत घट्ट कोंबले. रडणं ऐकू आलं नाही म्हणजे हात चुकणार नाही! बिचारी. भीती माणसाला काय काय सुचवते पाहा.

खरंच, हात चुकला नाही. घाव सरळ रेषेत पडत होते. आता ती हसणार, तोच दगड मधोमध दुभंगला. आत जुनी भेग होती. हातोडी तिने आधी वाजवली होती, पण ऐकणार कोण?

तिने कापूस उपटून फेकला. झोळीत लेकीचा आवाज रडून रडून बसला होता. बाईने धावत जाऊन तिला उचलून घेतलं. तिने ना लेकीचं ऐकलं होतं, ना दगडाचं.

वस्ताद आला. त्याने दगडाचे तुकडे पाहिले, कापूसही पाहिला.

"उद्या खाली जाते, बाबा," ती मान खाली घालून म्हणाली.

"ते नंतर. आधी सांग, पोर का रडतेय?"

"भुकेचं रडणं नाही हे. भूक लागली की आधी चुळबुळ करते. हिला काहीतरी चावलंय."

झोळी झटकली, तर लाल मुंगी पडली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? रोज ऐकते ना."

"मग दगडालाही तसंच ऐक. न ऐकता फोडलेला दगड मी हिशेबात धरत नाही. ऊठ, या वेळी दगड तू निवड."

लेकीला पाजून, कडेवर घेऊन ती हातोडी वाजवत दगडांमधून फिरली. एक बद्द वाजला, तो तिने सोडला. दुसरा दिसायला देखणा, पण आवाज मध्येच अडखळला, तोही सोडला. शेवटी एक खणखणीत बोलला.

काळजी होतीच. पण आता लेक कुरकुरली की ती हात थांबवायची, कान द्यायची, आणि मगच पुढचा घाव घालायची. वेळ लागला, पण तळी अख्खी उतरली.

वस्तादाने तळीवर हातोडी वाजवली. एरवी वरचं काही ऐकू न येणाऱ्या खाणीच्या तळापर्यंत तो आवाज गेला, आणि खडी वाहणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"उद्या इथंच बस," तो म्हणाला. मग खाली पडलेला कापूस उचलून त्याने तिच्या हातावर ठेवला. "आणि याच्या वाती कर."

पुढे बाईची काळजी काही संपली नाही. आईची कधी संपते का? पण मुरलेले पाथरवटसुद्धा शंकेचा दगड तिच्याकडून वाजवून घेऊ लागले.

तात्पर्य: काळजीपुढे कान बंद करू नयेत; ती नीट ऐकली, तर तीच हाताला शहाणं करते.