ताम्राची बाही

"दादाची बाही फाटलीच कशी?" खुंट्या वानर प्रत्येकाला विचारी, पण उत्तर कोणीच देत नसे.

ही जुन्या काळातली गोष्ट. एका कड्यावर वानरांची तालीम होती. तिथे दरीवरून झेप घ्यायला शिकवत, आणि पलीकडे उभे असलेले वस्ताद बाही धरून झेप घेणाऱ्याला वर ओढत. खुंट्याचा भाऊ ताम्रा असाच झेपावला. वस्तादांच्या मुठीत नुसती बाही राहिली. ताम्राच्या अंगरख्याचं ते चकचकीत कापड त्यांनीच पसंत केलं होतं, म्हणून सगळे गप्प होते.

काही दिवसांनी कापड विकणारा कावळा दरीपलीकडे उभ्या असलेल्या वस्तादांकडे तेच कापड पुन्हा घेऊन आला.

"बघा वस्ताद, कसं झळकतंय! पोरं राजबिंडी दिसतील."

"हेच घ्या," अलीकडून पोरं ओरडली. "ते जाडंभरडं सुती अंगाला टोचतं!"

वस्ताद घुटमळले. तेवढ्यात खुंट्याने खुंटीवरचा जुना सुती अंगरखा चढवला आणि दरीकडे धाव घेतली.

"धरा, वस्ताद!"

वस्तादांनी कशीबशी बाही पकडली. ती ताणली, करकरली. खाली खडक दिसत होते. पण बाही फाटली नाही.

त्याला वर ओढून वस्ताद म्हणाले, "मेला असतास की रे, लेका!"

"दादा मेलाच ना!" खुंट्या म्हणाला.

वस्तादांची मान खाली गेली. कावळा आपलं कापड उचलून उडाला.

शिंपी पक्ष्याने सगळ्यांना सुती अंगरखे शिवले. खुंट्याला मात्र ती दरी बघवेना. तालीम सोडण्याआधी त्याने एकेक नवा अंगरखा फांदीला बांधला आणि प्रत्येक बाहीला स्वतः लोंबकळून पाहिलं.