दारावरचा दिवा

फार वर्षांपूर्वी हळदीच्या एका गोदामात लांब दांड्याचा झाडू राहायचा. कोळ्यांची जाळी काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दसऱ्याला वजनकाट्याबरोबर त्यालाही झेंडूचा हार पडायचा. पण दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा हजर!

"लाज नाही वाटत?" झाडू एकदा कोळ्यावर खेकसला.

"पोटासाठी येतो, दादा," कोळी म्हणाला. "दारावरच्या दिव्यापाशी चिलटं जमतात. जिथं जेवण, तिथं आम्ही."

हे दिव्यानं ऐकलं. त्या संध्याकाळपासून तो मुद्दाम मिचमिचू लागला. शेवटी दस्तगीर वायरमननं त्याला काढून आवारातल्या खांबावर लावून पाहिलं. तिथं तो लख्ख पेटला. उजेड दारापर्यंत पुरत होता, म्हणून तिथंच राहिला. ऊनपाऊस झेलत, उघड्यावर. चिलटं त्याच्यामागे गेली आणि चिलटांमागे कोळी.

पुढच्या दसऱ्याला गोदामात एकही जाळं नव्हतं. "झाडूनं नाव काढलं!" म्हणत मालकांनी त्यालाच हार घातला. झाडूनं दाराबाहेर पाहिलं. जाळ्यांत गुरफटलेला दिवा तसाच लख्ख जळत होता, आणि तिथवर झाडूचा दांडा पोचत नव्हता.