रिकामी फणी

एकदा एका वृद्ध विणकराचा एकुलता एक शिष्य नदीपलीकडचे डोंगर पाहून आला आणि तेव्हापासून त्याचे मन मागावर बसेना. गुरूंची दृष्टी मंदावलेली. गावात एकच माग चालू उरला होता, तोही या शिष्याच्या हातांवर. तरी एके सकाळी धीर करून तो म्हणालाच, "तात्या, मी विणकाम सोडतो. प्रवाशांचे तांडे घेऊन देशोदेशी हिंडेन, त्यांना वाटा दाखवीन. त्यावरच पोट भरेन."

गुरुपत्नी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "जा बाबा. तुला निदान कुठं जायचं ते सांगता तरी येतंय. मला या घरी आणलं, तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं."

शिष्य घाईने पुढे म्हणाला, "तेवढी सुताची टोकं मात्र राहू द्या हं. नाहीच जमलं, तर येऊन जोडून घेईन."

विणकरांची रीत अशी, की लुगडे उतरवले तरी मागावरचे सूत सगळे काढायचे नाही. धागे ज्या दात्यांमधून ओवलेले असतात त्या फणीत टोके राखायची आणि नवे सूत त्यांनाच पीळ देऊन जोडायचे. टोके गेली, तर प्रत्येक धागा फणीतून नव्याने ओवावा लागतो. त्याला तरुण डोळे हवेत.

गुरू उठले, चाचपडत मागाशी गेले आणि त्यांनी मुठी भरभरून सारी टोके ओढून काढली. रिकाम्या फणीतून पलीकडची भिंत दिसू लागली.

"तात्या! एवढा राग?" शिष्य कळवळला. "आता तुम्ही कसं विणणार?"

"मी आता विणणार नाही," गुरू म्हणाले. "राग नाही रे. टोकं ठेवली असती, तर वाटेत पाय पोळले की तुला हा माग आठवला असता. लोकांना वाट दाखवताना तू स्वतः मागेच बघत राहिला असतास. आणि मी इथं रोज दाराकडे कान लावून बसलो असतो. जायला परवानगी कशाला लागते? तू परतायची सोय मागत होतास. ती पुरवायला माझ्यापाशी आयुष्य उरलेलं नाही."

गुरुपत्नींनी जमिनीवरचा सुताचा गुंता गोळा केला आणि त्याच्या वाती वळायला घेतल्या.

शिष्य वाकून पाया पडला आणि निघाला. वेशीपाशी त्याने वळून पाहिले नाही. आपले निघणे कुणाच्या हातांनी पुरे केले, हे त्याला उमगले होते.

जो निघतो त्याचे आपण कौतुक करतो. त्याला निघू देणाऱ्याकडे पाहायचे मात्र राहून जाते.